मीटरताईची चूक
कारखान्यात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कंट्रोल पॅनेल उघडायचं म्हटलं की आधी मेन स्विच बंद, त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली खिशात; मग मीटर लावून वीज खरंच गेली का ते बघायचं. तोवर ती कुणाला आत बोट घालू देत नसे. म्हणून ती मीटरताई. साहेबांना या सोपस्कारांचा वैताग यायचा, पण तीस वर्षांत तिच्या हाताखालच्या एकालाही साधा झटका बसला नव्हता. हे काही खायचं काम नाही!

पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर तिची धाकटी जाऊ होती. हवेच्या दाबावर चालणाऱ्या त्या प्रेसचा व्हॉल्व्ह उघडबंद करणारा रिले, म्हणजे विजेचा छोटा स्विच, महिन्याभरात जळायचा. व्हॉल्व्ह बंद होताना त्याची कॉइल उलटा जोर मारी, ठिणगी उडे आणि रिलेचे पॉइंट काळेठिक्कर पडत. ताईने कॉइलला डायोड, म्हणजे तो उलटा जोर गिळणारा इवलासा तुकडा, जोडला आणि ठिणगी गायब! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताई हुरळली, आणि त्या भरात प्रेस थांबायला किती वेळ घेते हे मोजायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी चहा घेऊन जाताना ती थबकली. जावेने बटणांवरून हात काढले, पण प्रेस थांबताना हवा सुटल्याचा 'फुस्स' आवाज किंचित मागाहून आला. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. ताईने चहा तिथेच टेकवला आणि ती प्रेसकडे धावली, कारण बटणं सोडली की जावेचा हात पत्रा काढायला आत जायचा.

"हो बाजूला," म्हणत तिने स्विच पाडला आणि कुलूप ठोकलं.

"जाऊबाई, घरचा राग इथे काढताय होय?"

साहेब तरातरा आले. "अहो, माल जायचाय आज! रिले तर मस्त चाललाय ना?"

"रिले मस्तच आहे, साहेब. प्रेस उशिरा थांबतेय. आणि ते मीच करून ठेवलंय."

सगळ्यांना लांब उभं करून तिने वेळ मोजली. जुन्या नोंदीच्या जवळजवळ दुप्पट! डायोडने ठिणगी मारली होती खरी, पण कॉइलमधला प्रवाह रेंगाळत ठेवला होता. पुन्हा कुलूप, पुन्हा मीटर. मग तिने डायोडच्या जोडीला एक झेनर, म्हणजे उरलेला जोर चटकन जिरवणारा दुसरा तुकडा, बसवला, म्हणजे ठिणगीही नको आणि प्रवाहही झटकन मरावा. वीस वेळा प्रेस थांबवून पाहिली. वीसही वेळा जुनीच वेळ आली, तेव्हा कुठे तिने घाम पुसला.

आता सर्किटच्या नकाशावर नोंद करायची होती. साहेब हळूच म्हणाले, "सुधारणा केली, असं लिहा. उगाच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

ताईने लाल पेनाने लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे चार दिवस प्रेस उशिरा थांबत होती', आणि खाली ठसठशीत सही केली. असली सही करायला छाती लागते.

जाऊ खांद्यावरून वाचत होती. तिची थट्टा कधीच थांबली होती. "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंसुद्धा नसतं."

"कळलं असतं गं," तिचा हात हातात घेत ताई म्हणाली. "एकदाच."