बॉनेटवरचं कुंकू

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा ओठांवर आलं होतं — पण जाणाऱ्या माणसाच्या उशाशी असलं काही ठेवायचं का? राहून गेलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

आमच्या बाबांची फियाट होती. पिस्ता रंगाची, कंपनीतून आली त्याच रंगाची. दर दसऱ्याला बाबा ओल्या कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर स्वस्तिक काढायचे. पुसलं तरी डाग थोडा मुरायचा. वर्षानुवर्षं त्याच जागी काढून काढून तिथे एक फिकट तांबूस स्वस्तिक कायमचं उमटलं होतं. त्याची एक रेघ वाकडी होती, कारण बाबांचं ते बोटच वाकडं होतं.

गाडी चालवायचा दादा, माझा थोरला भाऊ. निगा राखायचो मी. खडकीला एका कारखान्यात रंगखात्यात होतो, त्यामुळे रंग कशाने टिकतो आणि कशाने मरतो, हे मला कळायचं. घरात ते कुणाला विशेष वाटत नसे.

बाबा गेले. तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी म्हटलं, गाडी माझ्याकडे राहू दे. दादा पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "अरे, पुसणाऱ्याची गाडी झाली असती, तर आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या वॉचमनच्या झाल्या असत्या."

सगळे हसले. माझी बायकोही — पदर तोंडाला लावून, पण हसली. गाडी दादाच्या घरी कोथरूडला गेली.

मी विसरल्यासारखं दाखवलं. तुम्ही विसरला असतात? मी ते वाक्य जपलं. ते फिकं पडू दिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी दादाला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचा नाद लागला. तिथे मूळ रंगाच्या गाडीला मान मोठा — नवा रंग कितीही चकचकीत मारला तरी मूळचा तो मूळचाच, आणि तो एकदाच असतो. फियाटचा रंग मात्र कोमेजला होता. हात फिरवला की पांढरी भुकटी निघायची. दादा स्वतः खडकीला माझ्या घरी आला. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणाला. आणि जाता जाता दारात थांबून — "बाबांचं स्वस्तिक तेवढं सांभाळ."

तेवढंच त्याने मागितलं होतं.

जुना रंग घासायचा नसतो. त्याला तेल पाजायचं, मुरू द्यायचं, मऊ फडक्याने हलकेच टिपायचं. कोथरूडला दादाच्या घरी जाऊन दरवाजे, डिकी, मडगार्ड — सगळं मी तसंच केलं, जीव ओतून केलं. हे मुद्दाम सांगतोय. बॉनेटवर माझा हात चुकला, असं तुम्हाला वाटायला नको.

बॉनेट मी शेवटी ठेवलं. दादा दुपारी जेवून वर झोपायला गेला. मी घासायचं कंपाउंड काढलं, जाड कापड घेतलं, आणि स्वस्तिकापासूनच सुरुवात केली. आधी कुंकू गेलं. मग कापड पिस्ता होत गेलं. तिथे थांबता आलं असतं — वाकडी रेघ अजून दिसत होती. थांबलो का? नाही. खालचा करडा प्रायमर उघडा पडेपर्यंत घासलं. मनात म्हणत होतो, घे, आता वॉचमनने पुसली तुझी गाडी. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

दादा खाली आला. त्या करड्या जागेवर त्याने तळवा ठेवला. मीच आधी बोललो. म्हटलं, पावसाळाभर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलंस ना? आत ओल कोंडली. रंग खालून सुटलाच होता, हात लावताच निघाला.

त्याने विचारलं, "म्हणजे मीच घालवलं?"

"हो."

घासलं ते रागाच्या भरात, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे 'हो' — ते मी अगदी शांतपणे म्हटलं.

बॉनेटला नवा रंग मारावा लागला. दादा मेळाव्याला गेलाच नाही. पुढच्या महिन्यात त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, तेराव्याला मी बोललो ते चुकलं, तुझ्याकडेच द्यायला हवी होती. मी काय केलं असेल? त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जाऊ दे म्हटलं, आणि त्याला माफ केलं. मी — त्याला. आणि गाडी घेऊन आलो.

दादा अजून आहे. आता माणसं नीट ओळखत नाही, पण गाडीचा विषय निघाला की समोर असेल त्याला सांगतो, बाबांचं स्वस्तिक माझ्यामुळे गेलं, मी प्लास्टिक घातलं. पुतण्या त्याला समजावतो. मी शेजारी बसून ऐकतो. आणि खरं सांगू? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तेराव्याचं ते हसणं मला ऐकू येतंच. राग गेलेला नाही.

कव्हरमुळे काहीही झालं नव्हतं. बॉनेटचा रंग शाबूत होता. दादाने तो सांभाळला होता. मी तो घासून काढला.