इन्स्पेक्टर येणार म्हणून

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. आईवडील दोघंही चळवळीतले. संध्याकाळी पत्रकांना घड्या घालायला बसायचं आणि घड्या घालता घालता वाचायचं, असं माझं वाचन झालं. त्यामुळे कुठलीही गोष्ट चार ओळींत सांगून पाचव्या ओळीत निषेध नोंदवायची सवय लागली. दोन हजार पाचच्या सुमारास जर्मनीत आखनला पीएचडीला आले, तरी ती सुटली नाही.

विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळातली मुंबई इलाख्यातली हायस्कुलं: तिथे काय शिकवत आणि कारभार कसा चाले. तेव्हा ग्रँट निकालावर मिळे. इन्स्पेक्टर यायचा, परीक्षा घ्यायचा, आणि पास झालेल्या मुलांच्या हिशोबाने शाळेला पैसे मिळायचे. मग मास्तर मुलांकडून उत्तरं घोकून घेणार आणि कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी राहायला सांगणार, हे ओघानेच आलं. अशा एका हेडमास्तराला मी प्रबंधात ‘शिक्षणाचा कसाई’ म्हटलं होतं. माझ्या प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, ‘पुरावा?’ माणूस प्रस्थापितांच्या बाजूचा आहे, अशी मी मनात नोंद केली.

याच जोमात मी दर रविवारी तिथल्या मराठी इंजिनियरांच्या मुलांचा मराठीचा वर्ग घेऊ लागले. पहिल्याच दिवशी पालकांना पत्रक वाटलं. परीक्षा नाही, पाठांतर नाही, नंबर नाही. खाली साम्राज्यवादी शिक्षणावर तीन परिच्छेद. पालकांनी ते आनंदाने घेतलं आणि उरलेल्या चकल्या त्यात बांधून नेल्या.

वर्ग भरायचा एका चर्चच्या फुकट मिळालेल्या खोलीत. वसंतात एका गायनमंडळाने तीच खोली मागितली. खोल्यांचा कारभार पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘एकदा येऊन तुमचा वर्ग बघते, मग ठरवू.’ आखनमध्ये दुसरी फुकटची खोली नव्हती. खोली गेली की वर्ग गेला.

माझ्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला इन्स्पेक्टर उभा राहिला. पुढचे सगळे रविवार मी काय केलं, ते सांगायला मला फारसं आवडत नाही. प्रत्येक खुर्चीला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठरवून दिलं. पहिल्या खुर्चीने म्हणायचं ‘मराठी’, दुसरीने ‘सात’, तिसरीने ‘पिवळा’, चौथीने ‘साताऱ्याला’. मधल्या सुट्टीतला खेळ बंद. मुलं एरवी मराठीत विचारलेलं सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आता त्यांना प्रश्न ऐकायची गरजच उरली नाही.

एक मुलगी मात्र काही केल्या मराठी शब्द तोंडातून काढेना. मी तिच्या आईला फोन केला.

“ताई, त्या रविवारी तिला बरं नसेल, तर उगाच आणू नका.”

“तिला काय झालंय?”

“झालं नाही. नसेल बरं तर, म्हणते.”

ताई म्हणाल्या, “अगं, हेडमास्तर असं करायचे म्हणून तूच लिहिलंयस ना? दुसऱ्या परिच्छेदात. ते पत्रक वाचलेली बहुतेक मी एकटीच असेन.”

मुलगी आली. अर्थातच.

बाईही वेळेवर आल्या. त्यांनी आधी भिंतींकडे पाहिलं, मग खुर्च्यांच्या रांगेकडे, आणि म्हणाल्या, “हे चालणार नाही. नोटआउसगांगसमोर खुर्च्या नकोत.” आग लागली तर बाहेर पडायचा तो दरवाजा, माझी सगळी रांग त्याच्यासमोर. मुलांनी उत्साहाने खुर्च्या ओढल्या आणि दिसेल तिथे बसली. कुठलं उत्तर कुठल्या खुर्चीत गेलं ते कळेना, पण आता थांबणं शक्य नव्हतं. मी विचारलं, “आपली भाषा कोणती?”

“पिवळा.”

“आजोबा कुठे राहतात?”

“सात.”

“आंब्याचा रंग कोणता?”

“साताऱ्याला.”

मागे पालकांतला एक जण खोकत बाहेर गेला. बाईंना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्या प्रत्येक खणखणीत उत्तराला कौतुकाने मान डोलवत होत्या. मग मी त्या मुलीला विचारलं, “आठवड्याचे दिवस किती?”

“जीबेन.”

सात. बरोबर, पण जर्मनमध्ये. बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “हिला अजून येत नाही वाटतं?”

सगळं आयुष्य ज्या क्षणासाठी मी पत्रकं वाचली, तो हाच होता. मी जर्मनमध्ये म्हणाले, “हो, अगदी. नवीन आहे.”

मुलीला जर्मन माझ्यापेक्षा उत्तम येत होतं. तिने थेट बाईंना सांगितलं, “पण माझं बरोबर आहे. बाकीच्यांचं चूक आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मागे ताईही पाहत होत्या. मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं: खुर्च्या, ठरलेली उत्तरं, खोलीची भीती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मराठीचं मला काय कळणार? मी खुर्च्या बघायला आले होते. गायनमंडळाला पियानो हवाय, तो इथे नाही. खोली वापरा. दरवाजा मोकळा ठेवा.”

खोली राहिली. पुढच्या रविवारी मी पाठांतर रद्द झाल्याचं जाहीर केलं, तर मुलं खवळली. त्यांना तोच खेळ हवा होता: खुर्च्या बदलायच्या आणि चुकीचं उत्तर मोठ्याने द्यायचं. त्या मुलीलाही हवा होता. “तुझे आजोबा कुठे राहतात?” असं विचारताच ती ओरडली, “पिवळा.”

स्वच्छ मराठीत. या प्रकारावर माझ्याकडे कुठलीच तात्त्विक भूमिका नव्हती. मी पुढचा प्रश्न विचारला.