सुईणीचा विळा

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नाशिकच्या दवाखान्यात नर्स होते. चांदवडच्या बाजूच्या खेड्यांत सुइणींना बाळंतपणाची नवी रीत शिकवायला मला पाठवलं होतं. पेटीत कात्र्या, साबण आणि दोरा, एवढंच.

एका गावची सुईण साठीची, विधवा, मोजकं बोलणारी. तिनं कात्री उघडमीट करून पाहिली आणि परत दिली.

"ही तुमची ठेवा, बाई. माझा विळा हाय."

नाळ ती विळ्यानंच कापायची. गवतालाही तोच. जन्मानंतर आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं झालं आणि ताठ होऊन दगावलं, की सटवीनं नेलं म्हणत. तिची स्वतःची दोन नातवंडं तशीच गेली होती, हे शेजारणीनं मला सांगितलं.

मी कात्रीचा हट्ट सोडला. "मावशी, विळा तुमचाच असू द्या. गवताला दुसरा घ्या, आणि हा वापरायच्या आधी पाण्यात चांगला उकळा."

"उकळून काय व्हतं?"

"त्याला लागलेलं विष मरतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बाळ ताठ होतं ते त्यानंच."

तिनं विळ्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी सटवी नव्हती?"

हो म्हटलं तर नातवंडांचा सगळा भार तिच्या हातांवर जाणार होता.

"तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मावशी," एवढंच मी म्हणाले.

पुढच्या बाळंतपणाला तिनं मला बोलावून घेतलं. बाळंतिणीची सासू कुरकुरली, "चुलीवर लोखंड कशापायी?"

"पानी खळखळल्याबिगर मी नाळेला हात लावनार नाय," सुईण शांतपणे म्हणाली, आणि कोपरापर्यंत साबण लावत बसली.

मुलगी झाली. त्यानंतर रोज सकाळी सुईण त्या घरी जाई, बाळाच्या ओठांना बोट लावी, आणि ते चोखू लागलं की घरी परते.

बारसं झालं त्या संध्याकाळी ती माझ्यासाठी घुगऱ्या घेऊन आली.

"माझी बहीन पल्याडच्या गावात हेच काम करती. उद्या तिच्याकडं जाऊ."

सकाळी आम्ही पायीच निघालो. वाटेत ती पहिल्यांदाच आपल्या नातवंडांबद्दल बोलली. मी ऐकत चालले.