खो-खोच्या चड्ड्यांना भुजंगप्रयात

गेल्या आठवड्यात अकोल्याला आमच्या शाळेच्या मुलींनी खो-खोची ढाल जिंकली. अमरावतीत जो तो मुलींच्या पायांचं कौतुक करतोय... मी मात्र निम्मं श्रेय शिवणयंत्राच्या एका बटणाला देतो.

मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवतो. खेळातलं मला काही कळत नाही, बहुधा म्हणूनच टीमबरोबर जायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं.

गेल्या वर्षी अकोल्यालाच आमची कुसुम ऐन सामन्यात सूर मारायला गेली आणि तिची चड्डी मधल्या शिवणीत उसवली. टर्र... मैदानभर ऐकू गेलं. पोरगी कमरेला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसली, लोक हसले आणि सामना हातचा गेला.

यंदा निघायच्या आधी तिची आई घरी आली. वडाळीकडे त्यांचा भाजीचा मळा आहे. डोक्यावरची पाटी ओट्यावर ठेवून तिने सरळ विषयाला हात घातला. "सर, पोरीले पाठवतो मी. पन औंदा फाटलं तं तिचं खेळनं बंद, सांगून ठेवतो. तिचा बाप तं आताच नाही म्हनून राहिला."

मी 'बघू, करू' असं काहीतरी पुटपुटलो. सौभाग्यवती आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ती चड्डी आणा इकडे."

आता या यंत्राविषयी सांगायला हवं. माझा मेहुणा नैरोबीला असतो. त्याने बहिणीसाठी बोटीने एक मशीन पाठवलं. त्याच्या तोंडाशी एक गोल बटण आहे आणि भोवती बारीक चित्रं... सरळ रेघ, करवतीचे दाते, लाटा, कमानी. बटण फिरवून ज्या चित्रावर आणाल तो टाका पडतो. आमच्या आळीला तोवर सरळ टाका तेवढा ठाऊक होता.

पहिले काही महिने घरातल्या एकूण एक उशीच्या अभ्र्याला कमानी लागल्या. मी गमतीने त्या टाक्यांना वृत्तांची नावं दिली. सरळ टाका तो अनुष्टुभ, कमानींची मंदाक्रान्ता आणि सापासारखा नागमोडी जातो तो भुजंगप्रयात. सौभाग्यवतींनी नावं मुकाट्याने उचलली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माझी टेरिलीनची नवी पँट शिंप्याकडून आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मागच्या शिवणीवर भुजंगप्रयात मारून देते." मी म्हणालो, "संस्कृतच्या शिक्षकाला अनुष्टुभच शोभतो." हे वाक्य कृपया ध्यानात ठेवा...

तर चड्डी आली. सौभाग्यवतींनी ती कुसुमच्या आईच्या हातात दिली आणि सरळ टाक्याच्या शिवणीच्या दोन्ही टोकांना धरून ओढायला सांगितलं. दोरा कट्कन तुटला. मग त्यांनी एका चिंधीवर बारीक नागमोडी शिवण घातली. "आता ही ओढा."

रोज भाजीची गाठोडी आवळणारे हात ते... बाईंनी सगळा जोर लावला. शिवण लांबली आणि सोडल्यावर गुमान जागेवर आली.

"हे तं वाकडं शिवलं ना वो!"

"वाकडं आहे म्हणूनच टिकतं," सौभाग्यवती म्हणाल्या. "कापड ताणलं की सरळ दोऱ्याला जागाच उरत नाही. याच्या वळणांत थोडी शिल्लक असते."

मग सगळ्या टीमच्या चड्ड्या आमच्या घरी आल्या. शिवणीवर बारीक नागमोडी, आतल्या कडांना रुंद, म्हणजे सुतं निघत नाहीत, आणि कमरेच्या इलॅस्टिकवर तुटक-तुटक पडणारी तिसरीच. दोरे कापायला मी होतो.

अकोल्याचा सामना अटीतटीचा झाला. वेळ संपत आलेली, समोरची शेवटची पोर खांबाशी वळत होती आणि कुसुमला खो मिळाला. तिने सूर मारला... सपशेल, हात लांब करून.

सगळ्यांनी डोळे विस्फारले असतील. मी कान टवकारले होते.

काही नाही. फक्त पंचाची शिट्टी!

कुसुम उठली. तिने आधी हात मागे नेऊन शिवण चाचपली, मग हसली, आणि मग कुठे बाकीच्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. वर्षभर मान खाली घालून फिरणारी पोर मी तेव्हा प्रथमच एवढ्या मोठ्याने ओरडताना ऐकली. मीही भान विसरून बाकावरून उडी मारली.

टर्र...

सगळ्या मुलींनी चटकन आपापल्या चड्ड्या चाचपल्या. मग एकदम सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ढालीचा मूळ उपयोग काय असतो, हे मला बडनेरा स्टेशनपर्यंतच्या प्रवासात नीट समजलं. गाडीत तीन वेळा लोकांनी ढाल जवळून बघायला मागितली. मी दिली नाही.

घरी सौभाग्यवतींनी पँट मागून नीट पाहिली. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमची आई मेथीच्या जुड्या घेऊन हजर. "मास्तरीणबाई, पुढच्या सालीबी पोरगी खेळते. तिचा बाप साऱ्या वडाळीले सांगत फिरून राहिला." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "सरायच्या पँटीलेबी मारा ना ते भुजंग... का सरायले शोभत नाही?"

म्हणजे घरातली गोष्ट वडाळीपर्यंत गेली होती!

मारलं. नैरोबीच्या मेहुण्याचे आभार मानणारं पत्रही टाकलं. काल वर्गात हातातला खडू खाली पडला आणि मी बेधडक वाकलो... मागच्या बाकावरून कुसुमने पसंतीची मान डोलावली.