पाली ते अलिबाग, धुरासकट

अलिबागच्या मुलींच्या शाळेचं पत्र आलं, तेव्हा मी घरात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. विज्ञान शिकवायला बाई हवी होती. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत भेटायचं, नाहीतर जागा दुसरीला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, बी.एस्सी. होऊन जेमतेम महिना झालेला. दादा म्हणाला, "आपल्या गाडीनं जाऊ."

ही गाडी त्यानं भाताच्या गिरणीच्या कामासाठी घेतलेली, आमच्याकडे येईपर्यंत तिनं दोन मालक पाहिले होते. मला वाटलं, आम्ही दोघंच जाऊ. पण निघताना वहिनी डबा घेऊन आली आणि पुढे दादाशेजारी बसली. "मागे मळमळतं हो मला, वन्सं." त्याच्या लग्नाआधी ती जागा माझी होती.

पालीहून उजाडताच निघावं. नागोठण्यापर्यंत रस्ता खाचखळग्यांचा आहे आणि बैलगाड्या वाट देत नाहीत. नागोठण्याच्या बाजारात पेट्रोलचा डबा मिळतो. दादा पेट्रोल नेहमी पातळ कातड्यातून गाळून घालतो. मी ते बाजूला सारलं आणि पिशवीतून खादीचा तुकडा काढला. सूत मीच कातलेलं. म्हटलं, परदेशी तेलाला एवढं तरी स्वदेशी लागू दे. दादा हसला, पण त्यानं घातलं तसंच. मला फार बरं वाटलं.

वडखळच्या अलीकडे गाडी धूर ओकू लागली. वेग कमी केला की आचके देऊन बंद. हँडल मारून मारून दादाचा सदरा अंगाला चिकटला. धरमतरची खाडी ओलांडायला तरीची सोय आहे, दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, तिच्यावर गाडी चढवतात. भरतीची वेळ आधी विचारून ठेवा, आम्हाला तासभर बसावं लागलं. चहा बरा मिळतो. गाडी ढकलतच फळ्यांवर चढवली तेव्हा तरीवाला म्हणाला, "काय शेट, मोटार हाय का आगबोट? खाडीतच सोडू काय?"

"सोडा की," वहिनी म्हणाली, "पण भाडं मग तिच्याकडूनच घ्या!"

तरीवाला खदखदून हसला. दादाही. मला असं पटकन काही सुचत नाही.

कार्ले खिंडीच्या चढावर गाडी जी थांबली ती थांबलीच. उन्हं कलली होती. दादा माझ्याकडे वळला. "शालू, तुझं सायन्स काय म्हणतं?"

या प्रश्नाची मी सकाळपासून वाट बघत होते. मी सांगितलं, इंजिनातल्या कड्या झिजल्या, तेल वर चढून जळतंय, म्हणून धूर. इंजिन उघडल्याशिवाय इलाज नाही. दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे पेणहून मेकॅनिक आणायचा. तुझी शाळा गेली मग."

वहिनी गाडीमागे वाकली होती. तिनं धुराच्या नळीत बोट फिरवलं आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली.

"वन्सं, तेल जळत असतं तर बोट चिकट झालं असतं ना? ही तर कोरडी काजळी. आणि वास कच्च्या पेट्रोलचा. आपल्या स्टोव्हला रॉकेल जास्त गेलं की पातेल्याचं बूड असंच काळं होतं."

"स्टोव्ह वेगळा आणि मोटार वेगळी, वहिनी."

"असेल बाई. अहो, पेट्रोल कुठून आत येतं ते बघता का जरा?"

दादानं बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. त्यानं पान्यानं खालची वाटी सोडवली. वाटी भरली की पेट्रोल अडवणारी एक सुई असते, ती नीट बसत नव्हती. वहिनीनं केसातला आकडा काढून सुई बसते त्या भोकातून पांढरा कापसाळ धागा ओढून काढला. तिनं धाग्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे.

"डब्यातला कचरा," ती म्हणाली आणि धागा फुंकून टाकला.

तिसऱ्या हँडलला गाडी सुरू झाली. दादा म्हणाला, "शालू, तुला बी.एस्सी. कुणी केलं गं?" वहिनीला आधी कळलं याचा राग होताच, तिनं मला झाकलं याचा जास्त आला.

खिंड उतरली की वाऱ्याला खारट वास येतो. पुढे सुपारीच्या बागा, अंगणांत वाळत घातलेले बोंबील, आणि मग एकदम समुद्र. शाळेची घंटा होता होता पोचलो. मुख्याध्यापिका बाईंनी दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "जूनपासून या." मी बाहेर धावले, तर दादा विहिरीवर वहिनीच्या हातांवर पाणी ओतत होता आणि ती नारळाच्या काथ्यानं काजळी घासत होती. मी तिथेच थबकले, नोकरीचं लांबूनच सांगितलं. संध्याकाळी ओहोटी होती, समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो. पाहण्यासारखा आहे म्हणतात. मी त्या दोघांच्या मागून चालत होते, मला फारसा आठवत नाही.

शनिवारी दुपारी घरी आलो. अप्पा आणि दादा जेवायला बसले, मी भात वाढत होते. दादानं आल्यापासून गाडीचीच गोष्ट लावली होती, आता पुन्हा पहिल्यापासून. "अप्पा, नुसतं बोट फिरवून सांगितलं हिनं!" माझ्यानं राहवेना.

"तो कचरा नव्हता," मी म्हणाले. "माझ्या खादीचा धागा होता. वहिनीला ठाऊक होतं."

अप्पांचा घास हातातच राहिला. खरं बोललेल्या माणसाचं कौतुक होतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

"म्हणजे गाडीही चालू केली आणि नणंदेची चूकही पोटात घातली!" अप्पा म्हणाले. "नशीब हो आपलं, अशी सून मिळाली."

मी भाताचं पातेलं घेऊन आत वळले. दारात वहिनी उभी होती, पदर सावरत.

"मामंजी," ती म्हणाली, "वन्संना नोकरी लागली. ते कुणी विचारणार आहे की नाही?"

तेही तिनंच विचारलं.