बाबांचा वस्तरा आणि चिकूची मूठ

दगडावर वस्तरा घासला की काळपट राड साचते. पुसावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. आमच्या पडवीतले किस्से असेच साचलेत. लग्न होऊन आशागडला आल्याला मला चार महिने झाले. त्यातले तीन या वस्तऱ्यात गेले.

वस्तरा सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. आयुष्यभर स्वतःच्या हाताने दाढी केली. मग उजवा हात थरथरायला लागला, वस्तरा पडला, मूठ फुटली. न्हावी नको, मशीन नको, दाढी छातीकडे निघालेली. "माझा वस्तरा नीट करा, मग बघू." आणि नणंदेचं लग्न तोंडावर! लेकीच्या मांडवात अशा दाढीने जाणार नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं.

*

गंज सुटावा म्हणून नवऱ्याने पातं रात्रभर डिझेलमध्ये बुडवलं. वाटी माझ्या आहेरातली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. नाहीतरी तिच्यात श्रीखंड कुठे होणार होतं!"

*

पहिली मूठ सागाची. खिळा ठोकताना उभी चिरली. दुसरी इतकी अरुंद झाली की वस्तरा मिटताना धार आतल्या खिळ्यावर आपटली. आठवड्याची मेहनत वाया. बाबांनी उघडून, मिटून पाहिलं आणि म्हणाले, "दाराला कडी म्हणून बरी आहे."

तिसरी चिखले गावच्या वाडीतल्या मोडलेल्या चिकूच्या फांदीची. लाकूड लालसर आणि हट्टी. करवतीची दोन पाती गेली. बाबा या वेळी काही बोलले नाहीत. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

*

धार आली की नाही ते नवरा हातावरचे केस कापून बघायचा. डावा हात कोपरापर्यंत साफ झाला. आमंत्रणाला रानशेतला गेलो, तर माझ्या मामींनी तो हात पाहून मला बाजूला घेऊन विचारलं, "या आजाराचं लग्नाआधी सांगितलं होतं ना त्यांनी?"

*

धार घोटायला चामड्याचा पट्टा हवा, म्हणून नवऱ्याचा लग्नातला बेल्ट खांबाला बांधला. तो कामावर गेला की दुपारचं घोटणं माझ्याकडे. बाबा समोरच खुर्चीत. पण नव्या सुनेशी सासऱ्याने थेट बोलायचं नाही, ही या घराची रीत. ते आत ओरडून सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, पाठ पुढे, धार मागे." सासूबाई पोळी लाटता लाटता तेच मला ओरडून सांगायच्या. तोवर माझं तीनदा तसं करून झालेलं असे.

*

हळदीच्या सकाळी नवऱ्याने बाबांच्या गळ्यात टॉवेल बांधला, साबण लावला, वस्तरा उघडला. पातं गळ्याशी येईपर्यंत थरथरायला लागलं. त्याने हात मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तेच.

बाबा त्याच्या हाताकडे बघत राहिले, मग मांडीवरच्या स्वतःच्या हाताकडे. साबण वाळायला लागला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू धर."

सासूबाई सवयीने आतून ओरडल्या, "अगं, तुला धरायला सांगतायत!"

बाबांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.