चिरोट्यासारखं स्टूल: आगाशीहून वसई पूर्वेला

फिरायला कोण प्लॅस्टिकच्या कारखान्यात जातं? मी गेले. झालं असं, आमच्या जाऊबाई माळ्यावरची बरणी काढायला नव्या स्टुलावर चढल्या. स्टुलाचा एक पाय मोडला, जाऊबाईंचाही एक. वर म्हणतात, "तुझ्या मानसीच्याच कारखान्याचं ना गं? ती पास करते नि लोकं पडतात!" मानसी माझी नात, तिथे माल तपासते. तिनं खरंच पास केलं असेल? स्टुलाचा पाय पिशवीत टाकला नि निघाले.

आगाशीहून विरार स्टेशनची बस जरा लवकरची पकडा, बसायला मिळतं. पुढे गाडीने वसई रोड, मग पूर्वेला शेअर रिक्षा. तीस सांगतात, मी वीस दिले. रस्ता असा की दात घरी ठेवून जावं! स्टेशनबाहेरचा वडापाव मात्र गरम.

"आजी, तू इथे?" मानसीने तो तुटका पाय नखाने सोलला. सालं निघाली, एकाखाली एक! म्हणाली, "दोन जातींचं प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबलंय. ती एकमेकांना धरत नाहीत. जोडणारा तिसऱ्या प्लॅस्टिकचा दाणा लागतो, तो महाग म्हणून घातला नाही." मशीनवर दोन पट्ट्या ओढून दाखवल्या. जोडदाणा घातलेली गुळाच्या पाकासारखी लांबत गेली, दुसरी कट्कन तुटली.

"म्हणजे भेसळ!" मी ओरडले.

सुपरवायझर धावत आले. "भेसळ नाही हो आजी, ब्लेंड. सगळेच करतात."

"करा की! पण लग्न जुळवलंत नि मध्यस्थालाच विसरलात? पापुद्रे चिरोट्याला शोभतात, स्टुलाला नाही!"

दारात टेम्पोत तीच स्टुलं भरत होते. एक ओढून त्यांच्यापुढे ठेवलं. "बसा." चांगले भरलेले गृहस्थ. स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उभाच बरा आहे, आजी." मग टेम्पोवाल्याला हळूच म्हणाले, "उतरव रे सगळी."

घरी आले तर जाऊबाई प्लास्टरातला पाय पुढे करून वाटच बघत होत्या. "आधी पाणी पी. मग सांग, तपासणीच्या कागदावर होती का तिची सही?"

"होती," मी म्हटलं. "नापास लिहिलंय, त्याच्या खाली. तरी मेल्यांनी माल पाठवला!"

राग अजून उतरला नाही. पण मानसीने दाखवलेल्या त्या कागदाचा फोटो फोनमध्ये आहे, नि अर्ध्या आगाशीने तो बघितलाय.